एकतीस नंबर

यॉक नदी जिथं उगाचच वळसा घेते
तिथं, रुळांच्या काखेत, आमचा टॉवर होता.
टॉवर आपलं म्हणायचं.
सेंट सिरिलच्या घंटेच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.
वर काचा, काचांवर काजळी,
आत अठ्ठेचाळीस खटके एका ओळीत
दातओठ आवळून उभे.

लाल सिग्नलांचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे.
पांढरा एकच. एकतीस नंबर.
मिलरच्या खाणीकडं जाणारा फाटा बंद झाला
तेव्हा खालची तार कापली, खटका तसाच राहिला.
बाबा त्याला जेवणाचा डबा अडकवायचे.
मला ओढायला तेवढाच मिळायचा.
इतका हलका, की मीच दरवेळी मागं पडायची.

चर्चच्या वहीत ओंद्रेय हुडाक,
पगाराच्या पाकिटावर अँडी.
उघड्या हातानं खटका धरायचा नाही,
घामानं लोखंड गंजतं.
म्हणून खांद्यावर कायम एक फडकं,
तेही स्वतःच धुतलेलं; आईला त्याला हात लावू द्यायचे नाहीत.

तारयंत्रामागं तंबाखूचा रिकामा डबा खोचलेला.
त्यातून कडकट्ट यायचं:
पूर्वेकडून कोळसा, एकशे अकरा वाघिणी,
एक इंजिन मागून ढकलायला.
बाबा वेळ मांडायचे,
मग फडकं, मग सव्वीस, मग अकरा, मग तीन.
क्रम चुकला तर खटका हलायचाच नाही,
खालच्या मजल्यावर पट्ट्या एकमेकींना अडवून बसायच्या.
माणूस चुकणार, म्हणून यंत्राला नाही म्हणायला शिकवलंय,
बाबा अभिमानानं सांगायचे.
आई म्हणायची, मग तुम्हाला कधी शिकवणार?
(ओट पुन्हा पाच डॉलर घेऊन गेलेला असायचा.)

फेब्रुवारीत एकदा मला खाली पाठवलं, हुकूम द्यायला.
मी अकरा वर्षांची.
काठीला वाकवलेली वेताची कडी, कडीत पातळ हिरवा कागद.
एक ड्रायव्हरला, एक शेवटच्या डब्याला.
गाडीकडं बघू नकोस, म्हणाले, त्याच्या हाताकडं बघ.
मी गाडीकडंच बघितलं.
आधी दाढा थरथरल्या, मग उजेड,
मग एक बाही आली आणि कडी नव्हती.
माझी मूठ मात्र तशीच, काठी धरल्यासारखी.
मग वाघिणी,
प्रत्येकीचा वारा वेगळा,
आणि मधेच कुठंतरी जळक्या तेलाचा, चिंध्यांचा वास.
मला वाटलं, गाडीचा वास असाच असतो.
शेवटच्या डब्यातून क्लॅरेन्स ओटनं दुसरी कडी उचलली,
हात हलवला.
मी दोन्ही हात हलवले.

पुढं नऊ मैलांवर आस तुटला.
आठ वाघिणी नदीत.
माणूस कुणी गेलं नाही.
मेपर्यंत लोक बादल्यांनी कोळसा काढत होते,
आम्हीसुद्धा.

पिट्सबर्गहून तिघं आले. धूर दिसला नाही?
बाबा म्हणाले, वहीत लिहीत होतो.
पंधरा दिवस बिनपगारी.
ते पंधरा दिवस त्यांनी अंगणात लाकडं फोडली,
पुढच्या तीन हिवाळ्यांना पुरतील एवढी.

मी सांगितलं, पण फार उशिरा.
तेव्हा त्यांचेच सांधे धरलेले,
कप उचलायलाही दोन हात लागायचे.
बाबा, मला वास आला होता.
ते खिडकीबाहेर बघत राहिले,
तिथं शेजाऱ्यांची भिंत होती.
मलाही आला होता, म्हणाले.
मी तुझे पाय बघत होतो. रुळापासून किती लांब आहेत ते.

आता ते सिग्नल कुणीतरी दुसऱ्या राज्यात बसून हलवतं.
टॉवर पाडला त्या आठवड्यात
भंगारवाल्यानं एकतीस नंबर मला चाळीस डॉलरला दिला,
वर विचारलं, हा कशाचा?
मला पटकन सांगता आलं नाही.
गॅरेजमध्ये बसवून घेतलाय, सिमेंटमध्ये.
हलतो अजून.
ओढायच्या आधी मी फडकं शोधते.